पहाटे ९ अंश, दुपारी २९: मराठवाड्याच्या हिवाळ्यात लांब पल्ल्याची सायकल

डिसेंबर-जानेवारीत परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे थंडीची लाट आली की पहाटेचं तापमान १० अंशांच्या खाली जातं, आणि त्याच दिवशी दुपारी एक-दोन वाजता २८ ते ३० अंश असतं. हिवाळ्यातल्या सायकलिंगचे सल्ले आपण वाचतो ते बहुतेक बर्फाच्या आणि भिज पावसाच्या देशांतले. त्यांचा हिवाळा दिवसभर हिवाळाच असतो, आपला नऊ-साडेनऊला संपतो. म्हणून ते सल्ले जसेच्या तसे पाळणारा दुपारी घामाने आणि तहानेने हैराण होतो, आणि काहीच न पाळणारा पहाटे पहिल्या २० किलोमीटरांतच काकडून जातो.

खालचा क्रम ८० ते १५० किलोमीटरच्या राइडसाठी आणि सकाळच्या शर्यतीसाठी आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण कपड्यांपासून सुरुवात करतात, पण कपडे ठरतात निघायच्या वेळेवरून आणि वेळ ठरते रस्त्यावरून.

## टप्पा १: रस्ता आणि निघायची वेळ

आधी सूर्य पाहा. जानेवारीत संभाजीनगरला सूर्य सातनंतर उगवतो. नांदेड दोन रेखांश पूर्वेला असल्यामुळे तिथे सात-आठ मिनिटं आधी. उन्हाळ्याच्या सवयीने पाचला निघालात तर जवळजवळ दोन तास अंधारात आणि रात्रीच्या सर्वांत गार वेळेत जातात. तापमान सूर्योदयाच्या आसपासच सर्वांत खाली असतं. लवकर निघून थंडी चुकवता येत नाही, ती जास्त वेळ अंगावर घेतली जाते. १०० किलोमीटरसाठी सव्वासहा-साडेसहा ही निघायची चांगली वेळ आहे. दीडशेच्या वर जायचं असेल तरच साडेपाच.

मग दिशा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो. पहाटे तो पडलेला असतो आणि ऊन चढलं की वाढतो. त्या हिशेबाने आधी पूर्वेला जावं आणि वारा पाठीवर घेऊन परत यावं. संभाजीनगरहून जालना, सुमारे ६० किलोमीटर, हा असा रस्ता आहे.

पण इथे एक धोका आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पूर्वेला जाताना उगवतं ऊन थेट तुमच्या डोळ्यांवर येतं, तसंच तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर येतं. धूळ बसलेल्या काचेतून त्याला तुम्ही दिसतच नाही. माझं मत स्पष्ट आहे: पूर्वेकडे जात असाल तर सूर्य वर आल्यावर पहिली वीस मिनिटं टपरीवर काढा. चहाची वेळ तीच ठरवा. नाहीतर उत्तर-दक्षिण रस्ता निवडा. संभाजीनगरहून पैठण, सुमारे ५० किलोमीटर, त्यासाठी बरा. फक्त गोदाकाठ जवळ आला की धुकं आणि गारवा वाढतो.

गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. नदीचं पात्र, ओढा, रात्री पाणी दिलेला ऊस, अशा ठिकाणी अचानक दोन-तीन अंशांनी गारठा वाढल्याचं नडग्यांना कळतं. रस्ता ठरवताना असे पट्टे पहिल्या तासात किती येतात ते बघून ठेवा.

सावधान: समृद्धी महामार्गावर सायकल चालत नाही. मोकळा आणि गुळगुळीत दिसतो म्हणून इंटरचेंजवरून वर जाऊ नका.

## टप्पा २: सायकल, आदल्या दिवशी

हवा. ही चूक घराघरांत होते. दुपारी ३० अंशांत ८० पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) भरलेलं टायर पहाटे १० अंशांत सुमारे ७४ वर येतं. हवा गळालेली नसते, गारठ्याने दाब उतरलेला असतो. आदल्या दुपारी हवा भरून निश्चिंत झोपणारे म्हणूनच सकाळी खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटून पंक्चर करून घेतात. हवा निघायच्या आधी भरा. आणि पहाटे टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका, कारण दुपारी दाब तेवढाच वर चढतो.

काटे. पावसाळ्यात रस्त्याकडेला वाढलेला सराटा आता वाळलेला असतो आणि त्याची फळं थेट डांबराच्या कडेला पडलेली असतात. वेड्या बाभळीचे काटे तर बारमाही. म्हणून रस्त्याच्या अगदी कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर चालवू नका, आणि लघवीला थांबलात तर सायकल उचलून बाजूला घ्या, मातीतून ढकलत नेऊ नका. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर आणि हातपंप एवढं सोबत हवंच. पंपाऐवजी गॅसचं काडतूस वापरत असाल तर हवा भरताना ते बर्फासारखं गार पडतं, उघड्या बोटांनी धरू नका. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) वाळलं नाही ना ते दर दोन-तीन महिन्यांनी बघा.

पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं टोक जिथे असेल तिथे कापूस अडकतो. बधिर बोटांना ते टोक लागत नाही, म्हणून दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

चेन. परदेशी सल्ला हिवाळ्यात घट्ट, ओलसर वंगण घालायला सांगतो. तो पावसाच्या हिवाळ्यासाठी आहे. आपल्याकडे हवा कोरडी असते आणि काळ्या मातीची बारीक धूळ उडत असते. ओलसर वंगणावर ती बसून काळा लगदा तयार होतो आणि चेन झिजते. कोरडं किंवा मेणाचं वंगण रात्री लावा, सुकू द्या, सकाळी कपड्याने पुसून निघा.

दिवे. पुढचा एक, मागचे दोन. मागचा एक सतत पेटता आणि एक लुकलुकता ठेवा, धुक्यात नुसत्या लुकलुकत्या दिव्याचं अंतर मागच्याला कळत नाही. पुढच्या दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही इतका खाली करा. चमकणारं जॅकेट तर घालाच, पण घोट्यांना चमकपट्ट्याही बांधा. वरखाली होणारे पाय लांबून ओळखू येतात.

तपासा: रात्री दिवे खोलीत पूर्ण अंधार करून दहा मिनिटं चालू ठेवून बघा. चार्ज पूर्ण दाखवतो तो दिवा पूर्ण भरलेला असतोच असं नाही.

## टप्पा ३: कपडे

१० अंशांत ताशी २५ किलोमीटरने चाललात तर अंगाला लागणारी थंडी साधारण ७ अंशांची असते. उतारावर ४० ला गेलात तर ६. अंगणात उभं राहून अंदाज घेऊ नका.

सर्वांत मोठी चूक जाड स्वेटर किंवा जॅकेट ही आहे. जाड कपडा अंगात असतो तेव्हा घाम आणतो, आणि काढला की ठेवायला जागा नसते. पातळ थर घाला, आणि एकच कसोटी लावा: अंगावरचा प्रत्येक जादाचा कपडा जर्सीच्या मागच्या खिशात मावला पाहिजे. घरीच सगळं घालून, मग एक-एक काढून खिशात कोंबून बघा. जे मावत नाही ते घरी ठेवा.

आतून बाहेर असा क्रम घ्या:

१. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारी सिंथेटिक किंवा लोकरीची बनियन. सुती बनियन नको. ती भिजते, भिजलेलीच राहते, आणि चहाला थांबलात की पाठीवर गार फडकं ठेवल्यासारखं होतं.
२. नेहमीची अर्ध्या बाह्यांची जर्सी.
३. सुट्या बाह्या. विकत नसतील घ्यायच्या तर जुन्या लांब मोज्यांचे पंजे कापा, काम तेच होतं.
४. वारा अडवणारं पातळ विंडचीटर किंवा बिनबाह्यांचं जॅकेट.
५. गुडघे झाकणाऱ्या पट्ट्या.
६. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कान झाकणारा बफ (गळ्यात घालून वर ओढता येणारं नळीसारखं कापड).

यातलं गुडघ्यांचं लोक सर्रास सोडतात. साधारण १५ अंशांच्या खाली गुडघे झाकलेले असावेत. मांडीचे स्नायू पेडल मारून तापतात, गुडघ्याच्या स्नायुबंधांना आणि सांध्याला तेवढं रक्त मिळत नाही. जानेवारीत सुरू झालेलं गुडघ्याच्या पुढच्या भागाचं दुखणं कित्येकांना मार्चपर्यंत पुरतं, आणि मग सीटची उंची, क्लीट (बुटाखालची पेडलला अडकणारी पट्टी), सगळं दोषी ठरतं.

हातमोजे चैनीची वस्तू नाहीत. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही.

विंडचीटर नसेल तर वर्तमानपत्राची दोन पानं छातीवर, जर्सीच्या आत सरकवा. वारा अडतो, घाम शोषला जातो, आणि ऊन आल्यावर टपरीवर काढून टाकता येतात. जुन्या सायकलपटूंची ही रीत आजही तितकीच चालते.

तपासा: दाराबाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला आहे.

## टप्पा ४: आदली रात्र आणि सकाळ

रात्री भाकरी, वरण-भात, जे पचतं ते पोटभर, पण लवकर. हुरड्याचे दिवस असतात आणि आदल्या संध्याकाळी शेतावर बोलावणं हमखास येतं. जा, पण ओंजळभर खाऊन थांबा. पोटभर हुरडा, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि दही, हे सकाळी पेडल मारताना पोटात जड राहतं.

सकाळी उठल्याबरोबर एक ग्लास कोमट पाणी. निघण्याआधी तासभर पोहे किंवा केळी आणि चहा. गारठ्यात लघवी जास्त होते आणि तहान कमी लागते, म्हणजे दाराबाहेर पडतानाच शरीरात पाणी कमी असतं. बाटलीत कोमट पाणी भरा. माठातलं गार पाणी पहाटे घशाखाली उतरत नाही, म्हणून प्यायलंच जात नाही.

ओठांना, नाकाला, गालांना व्हॅसलीन. सनस्क्रीनही आत्ताच लावा. थंडीत हसू येतं लोकांना, पण दहानंतरचं ऊन मान भाजून काढतं आणि तेव्हा तोंडावर धूळ-घामाचा थर असतो.

सावधान: दमा असेल किंवा गार हवेत छातीत घरघर होत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, इनहेलर वरच्या खिशात ठेवा, आणि पहिला तास नाकातोंडावर बफ ठेवून हळू चालवा.

## टप्पा ५: पहिला तास

पहिली पंधरा-वीस मिनिटं हलका गिअर, भरभर पाय. ऊब यावी म्हणून जड गिअर लावून जोर करणं हा गुडघ्याला सर्वांत वाईट उपाय. पायांचा वेग वाढवला की ऊब आपोआप येते. पहिल्या किलोमीटरात दोन्ही ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून घ्या, दव बसलेल्या रिमवर पहिला ब्रेक लागत नाही.

दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान असो वा नसो. घड्याळाचा गजर लावा.

## टप्पा ६: रस्त्यावरचा हंगाम

हा भाग नीट वाचा. हिवाळ्यातली आपल्याकडची मोठी जोखीम थंडीची नाही, शेतीच्या हंगामाची आहे.

उसाचे ट्रॅक्टर. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना लोंबणारा ऊस, मागे बहुतेकदा दिवा नाही, ब्रेकलाइट नाही. रात्री पंक्चर झालेली ट्रॉली तशीच रस्त्यात उभी असते, चाकामागे मोठे दगड लावलेले. ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. म्हणून अंधारात वेग इतकाच ठेवा की दिव्याच्या झोतात दिसणाऱ्या अंतरात तुम्ही थांबू शकाल.

चालत्या ट्रॉलीच्या मागे वारा लागत नाही म्हणून चिकटून जाऊ नका. वरून ऊस पडतो, आणि ट्रॅक्टर थांबतो तेव्हा कळायला काहीच नसतं. ओलांडायचं असेल तर समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर, उजवीकडून, उसाच्या टोकांपासून हातभर जास्त अंतर राखून, आणि एका दमात दोन्ही ट्रॉल्या व ट्रॅक्टर ओलांडून. मधे अडकू नका. ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्याही पहाटेच निघतात. त्यांच्याजवळ घंटी जोरात वाजवू नका, बैल बुजतात. लांबून आवाज द्या.

पाचट. उसाची वाळलेली पानं दवाने भिजली की त्यावर चाक सरकतं. पाचटावरून सरळ जा. त्यावर वळू नका, ब्रेक दाबू नका.

तूर. जानेवारीत काही गावांत तुरीच्या काड्या डांबरावर पसरतात, जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. त्यातून सायकल घालू नका. टायर फाटतं, काड्या डिरेल्युअरमध्ये (मागचा गिअर बदलणाऱ्या भागात) अडकून तो धरणारा हँगर मोडतो. उतरा, कडेने सायकल हातात घेऊन जा. ते त्यांचं वर्षाचं पीक आहे, त्यावरून चाक नेणं तसंही बरं नाही.

रात्रीची लाइट. कृषिपंपांना वीज रात्री मिळते त्या भागात शेतकरी गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात निघतात. बिनदिव्याची मोटरसायकल, घोंगडी पांघरून चालणारा माणूस, पाइप फुटून रस्त्यावर आलेलं पाणी, हे सगळं सूर्योदयाआधी भेटतं. गावाच्या वेशीवर शेकोटीभोवती माणसं आणि कुत्री रस्त्याच्या कडेलाच बसलेली असतात. गाव दिसलं की वेग कमी, आणि हात ब्रेकवर.

सावधान: धुकं इतकं असेल की विजेचे दोन खांबच पुढे दिसतात, तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला थांबा. ऊन चढलं की धुकं बहुधा विरतं. शर्यतीची तयारी आहे म्हणून धुक्यात चालवणं मला मान्य नाही.

## टप्पा ७: कपडे उतरवणं, घाट आणि दुपार

घाम सुरू होण्याआधी एक-एक थर काढा. घामाने भिजल्यावर काढलात तर उशीर झाला. क्रम असा: आधी विंडचीटरची चेन खाली, मग कानावरचा बफ, मग विंडचीटर, मग बाह्या. गुडघ्यांच्या पट्ट्या सर्वांत शेवटी.

घाट असेल तर हा क्रम एकदा उलटा करावा लागतो. संभाजीनगरहून दौलताबादमार्गे खुलताबादचा चढ चढताना आठच्या गारव्यातही घाम येतो. तिथून वेरूळकडे उतरताना तोच घाम छातीवर गोठतो. चढ सुरू होताना विंडचीटर काढा, माथ्यावर थांबून पुन्हा घाला, मगच उतरा. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटालाही हेच. चालत्या सायकलवर हात सोडून जॅकेट घालू नका.

दहानंतर ऋतू बदलतो. आता तासाला साधारण एक बाटली, अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, त्यात मीठ-साखर हवी. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ हे ओआरएसचं घरगुती प्रमाण पुरतं. मिठाचा अंदाज हाताने घेऊ नका, चमचा वापरा.

खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं सुमारे २५ ग्रॅम देतं, चार-पाच साधे खजूर तेवढेच. तिळगूळ आणि शेंगदाण्याची चिक्की संक्रांतीच्या दिवसांत सगळ्यांच्या खिशात असते, पण तीळ-शेंगदाण्यातलं तेल सावकाश पचतं आणि पहाटे चिक्की दगडासारखी होते. ती हळू राइडला ठीक आहे, जोर लावायच्या तासात केळी-खजूरच बरे.

तपासा: बारा वाजेपर्यंत एकदाही लघवी झाली नसेल किंवा ती गडद पिवळी असेल, तर पाणी कमी पडलं आहे. सावलीत थांबा, प्या, मग निघा.

## टप्पा ८: शर्यत किंवा ब्रेव्हे असेल तर

ब्रेव्हे ही शर्यत नाही, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड आहे: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस. सकाळी सहाला निघालात तर २०० ची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते आणि सूर्य मावळतो सहाच्या आसपास. म्हणजे सकाळी तासभर आणि संध्याकाळी दीड तास अंधार. सकाळी वापरलेला दिवा संध्याकाळी पुरेल का, हा हिशेब निघण्याआधी करा. सकाळचे गरम कपडे वाटेत कुणाला देऊन टाकू नका, सूर्य मावळताच ते परत लागतात.

शर्यतीत घोळ होतो तो सुरुवातीच्या रेषेवर. लोक छान वॉर्म-अप करतात, मग पाहुणे यायचे असतात, दीपप्रज्वलन, दोन भाषणं, आणि अर्धा तास नुसत्या जर्सीवर उभं राहून तापवलेले पाय पुन्हा थंड होतात. पहिल्या हल्ल्याला, म्हणजे कुणी अचानक वेग वाढवला की, मग मांडीत गोळा येतो. त्यावर उपाय असा:

१. पोहोचल्यावर आयोजकांना प्रत्यक्ष सुटण्याची वेळ विचारा. पत्रिकेवरची वेळ धरू नका.
२. त्याच्या ३५ मिनिटं आधी सुरू करा: दहा मिनिटं हलकं, मग एक-एक मिनिटाचे तीन जोरदार टप्पे, मधे दोन-दोन मिनिटं हलकं, शेवटी दहा सेकंदांच्या दोन स्प्रिंट.
३. लगेच जुना स्वेटर आणि जुनी ट्रॅकपँट अंगावर. सोबत आलेल्याला रेषेजवळ उभं करा, सुटण्याच्या दोन मिनिटं आधी कपडे त्याच्याकडे द्या.
४. उशीर झाला तर रेषेवर उभे राहू नका. बाजूच्या रस्त्यावर फेऱ्या मारत राहा, दर पाच मिनिटांनी एक छोटा जोर.

सोबत कुणी नसेल तर वर्तमानपत्राची पानं छातीवर ठेवूनच सुटा. पहिल्या पाच किलोमीटरांत ती काढून खिशात कोंबा, रस्त्यावर टाकू नका, मागच्याच्या चाकात जातात.

तासाभराच्या आतली शर्यत असेल आणि तापमान १२ अंशांच्या वर असेल तर मी विंडचीटर नेत नाही. सुट्या बाह्या आणि गुडघ्याच्या पट्ट्या मात्र ठेवतो.

## टप्पा ९: परतल्यावर

आधी ओले कपडे बदला, मग गप्पा. भिजलेल्या बनियनवर टपरीवर तासभर बसलात की अंग गार पडतं, ऊन असलं तरी. अर्ध्या-पाऊण तासात जेवा: भात-वरण, ताक, भाकरी-पिठलं, काहीही चालेल, पण नीट जेवा.

त्याच दिवशी टायर हाताने फिरवत दोन्ही बाजूंनी पाहा. रुतलेले सराटे आणि काचेचे कण सुईने काढा. अर्धवट घुसलेला काटा आज हवा सोडत नाही, पुढच्या पहाटे अंधारात सोडतो. चेन कोरड्या कपड्याने पुसून नवं वंगण लावा, दिवे चार्जिंगला लावा, आणि जुनी ट्यूब बादलीत बुडवून, पॅच मारून, पुन्हा सीटबॅगेत ठेवा.